पेपर बदलत नाही तोवर सिलॅबस बदलत नाही

गेल्या अंकात कॉलेज आणि विद्यापीठाविषयीचे प्रश्न मागवले होते. पत्रांचा गठ्ठा मोठा आहे. त्यातली चार निवडली, कारण त्यांत जे विचारलंय तेच बाकीच्यांनीही वेगळ्या शब्दांत विचारलंय. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवला आणि मध्ये काही वर्षं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर होते. त्यामुळे उदाहरणं भूगोलाची येतील. इतरांनी ती आपापल्या विषयाला लावून पाहावीत.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भूगोल घेतलाय. बाहेर कुठेही गेलं की जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळणं) येतं का म्हणून विचारतात आणि आम्ही अजून पेन्सिलीने नकाशेच काढतोय. दर वर्षी फीडबॅक फॉर्म भरून घेतात. सर समोरच उभे असतात, म्हणून सगळे 'उत्तम'वर टिक करतात. सिलॅबस नेमका कोण बदलतं? आमचं कोण ऐकणार?
— एक विद्यार्थी, कोरेगाव

उत्तर : आधी कोण बदलतं ते सांगते, कारण बहुतेक मुलं प्राचार्यांकडे जातात आणि प्राचार्यांच्या हातात ते नसतं. तुमचं कॉलेज विद्यापीठाला संलग्न असेल तर सिलॅबसचा मसुदा त्या विषयाचं अभ्यास मंडळ करतं. तो पुढे विद्याशाखेकडे जातो आणि विद्या परिषदेने मान्यता दिली की लागू होतो. कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजचंच अभ्यास मंडळ असतं. त्यावर विद्यापीठाचा प्रतिनिधी असतो, बाहेरचे तज्ज्ञ असतात, उद्योगातली एखादी व्यक्ती असते आणि त्या विषयात चमकलेला एक माजी विद्यार्थीही असतो. त्या माजी विद्यार्थ्याला गाठा. मंडळावर जो नुकताच तुमच्या बाकावरून उठून गेलाय असा तो एकटाच असतो.

मंडळावर असताना विद्यार्थ्यांची पत्रं माझ्याही हातात आली. 'सिलॅबस जुना झाला आहे, कृपया बदलावा' असं लिहिलेल्या पत्राचं काय करायचं हे टेबलाभोवतीच्या कुणालाच कळत नाही. ते वाचलं जातं, सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय निघतो. ज्या पत्रात तासांचा हिशेब असतो त्यावर मात्र चर्चा करावीच लागते.

म्हणून हिशेब मांडा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल साठ तासांचं. त्यातले वीस तास क्यूजीआयएस या जीआयएसच्या सॉफ्टवेअरला द्या असं मागा. ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणजे 'निधी नाही' हे उत्तर येणार नाही. वीस तासांत काय करणार तेही लिहा: टोपोशीट (भूभागाचा उंचसखलपणा दाखवणारा सरकारी नकाशा) संगणकावर घेऊन तिला अक्षांश-रेखांश जोडणं, आपल्या गावाची हद्द आखणं, विहिरी आणि ओढे टिपणं, त्यावरून एक नकाशा छापून काढणं. आणि हे वीस तास कुठून काढायचे ते तर लिहाच. माझं मत विचाराल तर नकाशा प्रक्षेपणांतून, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतींतून काढा. एक शंकू प्रक्षेपण हाताने काढून गणित समजलं की बाकीची तुलनेने समजतात, सगळी काढत बसायची गरज नाही. टोपोशीटवरच्या समोच्च रेषा वाचण्याचे तास मात्र कमी करू नका. पेन्सिलीचा कंटाळा आलाय हे मला कळतं, पण ज्याला कागदावर सोंड आणि घळ ओळखता येत नाही त्याला संगणकही ती ओळखून देणार नाही.

पत्रावर वर्गातल्या मुलांच्या सह्या घ्या, विभागप्रमुखांमार्फत अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना पाठवा आणि आवक क्रमांक मागून घ्या. विभागप्रमुखांना डावलून जाऊ नका. तेही याच तक्रारी मनात घेऊन बसलेले असतात. तुमच्या पत्रामुळे त्यांनाही बैठकीत बोलायला आधार मिळतो.

आता फीडबॅकचं. नॅकचं (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं) मूल्यांकन करून घेणाऱ्या कॉलेजाला फॉर्म गोळा करून थांबता येत नाही. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे या सगळ्यांच्या अभिप्रायाचं विश्लेषण करायचं, त्यावर काय कार्यवाही केली याचा अहवाल करायचा आणि तो वेबसाइटवर ठेवायचा, अशी नॅकची अपेक्षा असते. तो अहवाल उघडून वाचा. त्यात गेल्या वर्षीचंच वाक्य पुन्हा असेल तर कॉलेजच्या गुणवत्ता हमी कक्षाला लेखी विचारा. त्या कक्षावर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असतो. तो कोण हे तुमच्या वर्गात कुणाला माहीत आहे का? आणि सर समोर उभे असताना फॉर्म भरून घेणं बरोबर नाही, हे मी शिक्षक म्हणूनच म्हणते. फॉर्म मोबाइलवर, नावाशिवाय, निकाल लागल्यानंतर भरून घ्यावेत.

प्रश्न : माझी मुलगी नवीन शैक्षणिक धोरणानुसार बी.एस्सी.ला आहे. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) असं बरंच काही सांगतात. निवडीचं स्वातंत्र्य म्हणतात आणि कॉलेजने यादी लावली तर तिच्यात एकच विषय. इंटर्नशिप करा म्हणतात, आमच्या तालुक्यात कंपनी कुठली? चौथं वर्ष करावं का तेही कळत नाही.
— एक पालक, नांदेड जिल्हा

उत्तर : तुमचा राग मला पटतो. यादीत एकच विषय असेल तर त्याला निवड म्हणू नये. यात कॉलेजचीही अडचण आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, जे आहेत त्यांना आधीच तास जास्त आहेत. पण मुलीच्या आयुष्यातली ही वर्षं पुन्हा येणार नाहीत, म्हणून वाट शोधावी लागेल.

एक वाट 'स्वयम्'ची. केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं हे व्यासपीठ 2017 पासून चालू आहे आणि तिथला अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा दिली की क्रेडिट मिळतात. एका सेमिस्टरमधल्या अभ्यासक्रमांपैकी 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेता येतील, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2021 चा नियम आहे. मात्र कॉलेजची मान्यता आधी घ्यायची. कोर्स करून मग मान्यता मागायला गेलेली मुलं अडकतात. दुसरी वाट म्हणजे जवळच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून ओपन इलेक्टिव्ह चालवणं. शनिवारी एका कॉलेजात संगीत, दुसऱ्यात हिशेबशास्त्र, तिसऱ्यात मृदापरीक्षण, आणि मुलांनी जायचं. हे पालकांनी मागायला हवं. पालक मेळाव्यात आपण फीबद्दल बोलतो, विषयांबद्दल बोलत नाही.

इंटर्नशिपसाठी कंपनीच लागते हा समज काढून टाका. तालुक्याला कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, पंचायत समिती आहे, दूध संघ आहे, जिल्हा बँकेची शाखा आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, पाण्याचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा असते. रसायनशास्त्राच्या मुलीने आपल्या तालुक्यातल्या विहिरींचं पाणी आणून त्यातले क्षार मोजले आणि ग्रामपंचायतीला कागद दिला, तर त्या कामाचा उपयोग तिला आणि गावाला दोघांनाही आहे. कष्टाला शिक्षणात जागा देणं महाराष्ट्राला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या विचारावरच. माझी तक्रार वेगळी आहे. आज अनेक ठिकाणी इंटर्नशिप म्हणजे ओळखीच्या दुकानदाराचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र झालंय. तुमच्या मुलीने तसं करू नये. रोज काय केलं ते दोन ओळींत लिहून ठेवावं. पुढे मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ती वही कामाला येते.

चौथ्या वर्षाचं थोडक्यात. तीन वर्षांनी पदवी मिळतेच, त्यासाठी आपल्याकडे साधारण 132 क्रेडिट धरलेत. चौथं वर्ष केलं तर 176 आणि ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधन करायचं असेल तर पहिल्या तीन वर्षांत 75 टक्के लागतात. चार वर्षं केली की एम.एस्सी. एका वर्षाची, तीन केली की दोन वर्षांची, म्हणजे एम.एस्सी.पर्यंत जायचंच असेल तर वर्षं तितकीच लागतात. तिच्या कॉलेजात चौथ्या वर्षाला प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक आहेत का ते आधी जाऊन पाहा. नसतील तर तीन वर्षांनी पदवी घेऊन चांगल्या विद्यापीठ विभागात जाणं मला शहाणपणाचं वाटतं. आणि क्रेडिट बँकेतलं (मिळालेली क्रेडिट ऑनलाइन जमा होतात तिथलं) तिचं खातं उघडून सगळ्या सेमिस्टरची क्रेडिट जमा दिसतात का, ते दर निकालानंतर तपासायला सांगा.

प्रश्न : मॅडम, मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर शिकवतो. सिलॅबस चांगला करा, विद्यार्थिकेंद्री करा, असं प्रत्येक कार्यशाळेत ऐकतो. माझी नेमणूकच काही महिन्यांची. मी काय बदलणार? आणि मुलं वर्गात येतच नाहीत, परीक्षेच्या आधी गाइड वाचतात आणि पास होतात.
— एक प्राध्यापक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सर, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तासिकेवर काम करणाऱ्यांच्या जिवावर आज कित्येक विभाग उभे आहेत आणि त्यांना अभ्यासक्रमाच्या चर्चेत खुर्ची नसते. तुमच्या नेमणुकीचा प्रश्न या सदरात सुटणार नाही, पण ती कायम झाल्याशिवाय सुधारणेच्या गप्पा अपुऱ्या आहेत हे मी नोंदवून ठेवते.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य माझ्या मते मूळ दुखणं आहे. मुलं गाइड वाचून पास होतात. म्हणजे गाइडमधलंच परीक्षेत येतं. मग मुलांनी वर्गात का यावं? ती हिशेबी असतात, आणि असावीत. त्यांना घरची शेती असते, पहाटे दूध घालून आलेली असतात, काही जण पोलिस भरतीसाठी धावून आलेले असतात. जे विचारलं जाणार त्याचाच ती अभ्यास करणार. आपण मंडळात बसून सिलॅबसमध्ये नवी प्रकरणं घातली, उद्दिष्टं लिहिली, 'निष्पत्ती'चे तक्ते केले आणि पेपरात मात्र 'पर्जन्याचे प्रकार स्पष्ट करा' हाच प्रश्न ठेवला, तर मुलांसाठी सिलॅबस तसूभरही बदललेला नसतो.

तोच प्रश्न असा विचारून पाहा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. दोन्ही ठिकाणं दाखवणारा कोरा नकाशा द्या. असं का होतं ते लिहा म्हणावं, नकाशावर वाऱ्याची दिशा दाखवा, आणि दहिवडीच्या शेतकऱ्याने कोणतं पीक घ्यावं ते कारणासह सांगा. प्रतिरोध पर्जन्य आलं, पर्जन्यछायेचा प्रदेश आला, मोसमी वारे आले, शेतीही आली. गाइडमध्ये याचं उत्तर छापलेलं नाही. पण वर्गात नकाशासमोर बसलेल्या मुलीला ते लिहिता येतं, आणि मराठीत छान लिहिता येतं. तुमच्याकडे महाबळेश्वर-दहिवडी चालणार नाही. तुम्ही तुमच्या जिल्ह्यातली कापसाची काळी जमीन आणि डोंगराकडची मुरमाड जमीन घ्या.

तुम्ही म्हणाल, विद्यापीठाचा पेपर माझ्या हातात कुठे? खरं आहे. पण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्या हातात आहेत आणि ते बहुतेक ठिकाणी वाया जातात. 'असाइनमेंट' म्हणून मुलं गाइडची पानं उतरवून काढतात आणि आपण लाल सही करून गुण देतो. त्याऐवजी एकदा तरी पुस्तक उघडं ठेवून चाचणी घ्या, वर नकाशा किंवा आकडे देऊन. पहिल्या चाचणीला मुलं गोंधळतात. 'मॅडम, हे पुस्तकात नाही' म्हणून माझ्याकडे वर्गच्या वर्ग आला आहे. दुसऱ्या चाचणीच्या आधी हजेरी वाढलेली असते. मी हे अनेक तुकड्यांबरोबर पाहिलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

तपासलेल्या वह्या मुलांना परत द्या, ही माझी दुसरी विनंती. उत्तर कुठे घसरलं ते समासात एका वाक्यात लिहा. आपल्याकडे मुलगा तीन वर्षं पेपर लिहितो आणि आपण काय चुकलो हे त्याला एकदाही कुणी सांगत नाही, फक्त आकडा मिळतो. माझ्या मते विद्यापीठातल्या शिक्षणाचा हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, इमारती आणि वायफाय त्यानंतर. साठ मुलांच्या वह्यांवर एकेक वाक्य लिहायला वेळ लागतो, आणि तासिकेच्या मानधनात तो वेळ धरलेला नसतो हेही मला माहीत आहे. म्हणून सगळ्या चाचण्यांना नको, सेमिस्टरला एका चाचणीला करा.

आणि तुम्ही केलेले चांगले प्रश्न जपून ठेवा. पाच-सहा कॉलेजांतल्या शिक्षकांनी असे प्रश्न एकत्र करून अभ्यास मंडळाकडे नमुना प्रश्नसंच म्हणून पाठवले, तर पेपर काढणाऱ्यांना ते लागतातच. पेपर काढायला बसलेला माणूस अनेकदा घाईत असतो आणि जुना पेपर समोर ठेवतो. त्याच्यासमोर दुसरं काही ठेवणं तुमच्या हातात आहे, मग नेमणूक कितीही महिन्यांची असो.

प्रश्न : मॅडम, माझा निकाल उशिरा लागला आणि एका विषयात इतके कमी गुण आहेत की विश्वास बसत नाही. ऑफिसात विचारलं तर 'विद्यापीठाला विचारा' म्हणतात. दुसरं म्हणजे आमची प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतात आणि गावाकडची शेवटची एसटी पाचची आहे. घरचे म्हणतात, असं असेल तर कॉलेज बंद कर.
— एक विद्यार्थिनी, माण तालुका

उत्तर : कॉलेज बंद करायचं नाही. दोन्ही गोष्टींवर उपाय आहेत, ते क्रमाने कर.

गुणांसाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. निकालानंतर त्यासाठी ठरावीक दिवसांचीच मुदत असते, तेव्हा आजच परिपत्रक बघ. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि प्रत घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे, त्यामुळे कुणी 'तसं देत नाही' म्हटलं तर घाबरू नकोस. प्रत आली की तीन गोष्टी बघ: प्रत्येक उत्तराला गुण दिलेत का, बेरीज बरोबर आहे का, पुरवणी तपासली आहे का. मग विषयाच्या शिक्षकांना दाखव आणि गरज वाटली तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कर.

निकालाच्या उशिराबद्दल कायदा स्पष्ट आहे. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत लावावाच, असं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 सांगतो. उशिरामुळे तुझं नुकसान झालं असेल, पुढचा प्रवेश हुकला असेल, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार कर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. एक लक्षात ठेव: नुसतं 'पेपर पुन्हा तपासा' एवढ्यासाठी लोकपाल अर्ज घेत नाहीत, त्यात ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. पण निकालाला झालेला उशीर हा तक्रारीचा रीतसर विषय आहे.

आता एसटी. हा प्रश्न किरकोळ आहे असं तुला कुणी भासवलं तर ऐकू नकोस. तालुक्याच्या कॉलेजात मुलींची प्रॅक्टिकलची हजेरी बसच्या वेळेवर ठरते, मी ती वर्षानुवर्षं पाहिली आहे. सिलॅबसमध्ये कितीही चांगलं प्रॅक्टिकल असलं तरी पाच वाजता निघालेल्या मुलीच्या वाट्याला ते येत नाही. तुझ्यासारख्या किती मुली आहेत त्यांची गावनिहाय यादी कर. मग विभागप्रमुखांकडे जा आणि मागणी अशी मांड: बाहेरगावच्या मुलींची प्रॅक्टिकलची तुकडी सकाळी किंवा दुपारी बाराला घ्यावी, गावातच राहणाऱ्यांची संध्याकाळी. वेळापत्रक करणाऱ्यांना बहुधा कोण कुठून येतं हे माहीतच नसतं, वर्गाची यादी आडनावांप्रमाणे असते आणि तुकड्याही तशाच पडतात.

तेवढ्याने भागलं नाही तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र आगार व्यवस्थापकांना जायला हवं. पत्रासोबत प्रॅक्टिकलचं वेळापत्रक, गावांची नावं आणि पासधारक मुलींची संख्या जोडा. त्या मार्गावरच्या ग्रामपंचायतींची पत्रंही सोबत असली तर फेरी अर्ध्या-पाऊण तासाने पुढे ढकलण्याचा विचार आगारालाही करता येतो, कारण गाडी भरून जाणार हे त्यांना दिसतं. अर्ज सेमिस्टर सुरू होतानाच द्या, पासचे फॉर्म भरले जातात त्याच आठवड्यात. आणि कॉलेजच्या विकास समितीवर विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना कायद्याने जागा दिलेली आहे. तुमच्या कॉलेजात परिषद असेल तर त्यांना गाठा आणि पुढच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात येईल असं बघा. इतिवृत्ताची एक प्रत मागून घे आणि आगाराच्या पत्राला जोड.